आरशाची पुढची बाजू

चंदना ओठ मिटून बसली होती. नुसते मिटलेले नव्हेत, आतून कडी लावून घेतल्यासारखे. मी नाचणीच्या पेजेचा चमचा तिच्या हनुवटीशी धरून “आऽ” करत होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी बँकेतली बाई चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे बघते.

“एक घास चिऊचा,” मी म्हटलं.

चिऊला तिनं ओळख दिली नाही.

“एक घास काऊचा. तो बघ, काऊ आला.”

काऊ खरंच आला होता. कठड्यावर बसून वाटीकडे बघत होता. चंदनानं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हाताचा असा फटका मारला की चमच्यातली पेज माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत ओघळत आली.

“दे हिकडं,” आत्या दारातून म्हणाल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापूर भागात सासूला आत्या म्हणतात. त्यांनी एका हातानं चंदनाला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात वाटी घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून खिदळणं ऐकू आलं. मग दार उघडलं. वाटी रिकामी.

“खाल्लं?”

“वाटी बघ की.”

मी वाटी घेऊन मोरीवर गेले आणि इकडेतिकडे बघून कडेला राहिलेली पेज बोटानं चाटली. गूळ नव्हता, साखर नव्हती. तीच माझी बेचव पेज.

“गूळ घातला असता तर आता कळलं असतं न्हवं?” मागून आत्यांचा आवाज आला.

मी वाटी घासायला घेतली.

चंदना तेव्हा अकरा महिन्यांची होती. माझ्या हातून ती अंगावरचं दूध सोडून काही घेत नव्हती, आणि आत्यांच्या हातून सगळं खात होती. एरवी मी म्हटलं असतं, खाऊ दे कुणाच्याही हातून. पण माझ्या नणंदेचे, सुकन्याचे दिवस भरत आले होते आणि येत्या सोमवारी आत्या तिच्या बाळंतपणासाठी निपाणीला जाणार होत्या. परतायला तीन महिने तरी लागणार. तोवर माझ्या मुलीनं खायचं काय?

“तुम्ही आत काय करता, ते तरी सांगा,” मी रोज विचारायचे.

“काय करायचंय? भरवती.”

“मग दार का लावता?”

“तू असलीस की ती खाईना,” आत्या म्हणायच्या आणि पदरानं चंदनाचं तोंड पुसायच्या. 

मागची खोली म्हणजे माझा कारखाना. कारखाना हा शब्द श्रेणिकचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. आमचं गाव हुपरी, चांदीच्या पैंजणांचं. श्रेणिक साच्यावर पैंजणांचे तुकडे ठोकून घ्यायचा, आणि नव्या नक्षीचा ठसा आधी साध्या जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यावर मारून बघायचा. ते चाचणीचे तुकडे नुसते डब्यात पडून असत. कोयऱ्या, घुंगरं, बारीक वेलबुट्टी. दिवस राहिल्यावर मी ज्युनिअर कॉलेजची फिजिक्सची नोकरी सोडली होती आणि घरी बसून बसून कंटाळून एकदा ते तुकडे एका गोल आरशाच्या लाकडी चौकटीवर बारीक खिळ्यांनी बसवले. शेजारणीनं तो आरसा मागून नेला. तिच्या भाचीनं दुसरा मागितला. असं होत होत मी भिंतीवरचे आरसे करणारी बाई झाले. घरात बसून काम, आणि पोरीवर सतत नजर. मला एवढंच पाहिजे होतं. पोर नजरेआड गेली की मी हातातलं काम टाकून उठायचे.

आणि नेमकी त्याच घरात आरशाला बंदी आली.

तीन महिन्यांच्या चंदनाला घेऊन मी माहेराहून आले, त्याच दिवशी आत्यांनी सांगितलं होतं, “दात येईपर्यंत पोरीला आरसा दाखवायचा न्हाई. दात अडतात.”

“ह्यात काही तथ्य नाही, आत्या,” मी म्हटलं. फिजिक्सची बाई दुसरं काय म्हणणार?

पण त्याच संध्याकाळी मी कपाटाच्या आरशावर चादर लावली. दुसऱ्या दिवशी बेसिनवरचा आरसा काढला. नंतर टीव्ही झाकला, कारण बंद टीव्हीतही दिसतं. स्टीलचे तांबे फळीवर वर चढवले. श्रेणिकला दाढी अंगणात स्कूटरच्या आरशात करायला लावली. तथ्य नव्हतंच. पण अकरावा महिना लागला तरी दातही नव्हते.

“चमच्याचं काय?” श्रेणिकनं एकदा गंभीर चेहऱ्यानं विचारलं. “चमच्यात पण दिसतं की.”

ते माझ्या लक्षात नव्हतं आलं. “चमच्यात उलटं दिसतं,” मी म्हटलं.

“मग वरचे दात आधी येतील.”

मी त्याच दिवशी प्लॅस्टिकचे चमचे आणले. अख्खं गाव चकचकीत वस्तू घडवण्यात गुंतलेलं असताना आमच्या घरात मात्र जिकडे तिकडे चादरी आणि टॉवेल. मी टिकली अंदाजानं लावायचे. श्रेणिक सांगायचा, “जरा उजवीकडं. आणखी. आता बरोबर भुवईवर आली.”

अशा दिवसांत इचलकरंजीच्या शैलाताईंचं काम आलं. शैलाताई बिरनाळे नवरीच्या मेकअपचं मोठं पार्लर काढत होत्या आणि त्यांना समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा पाहिजे होता. नक्षी ठरवायला मी चंदनाला कडेवर घेऊन गेले. दुकानातले सगळे आरसे आधी झाकून घ्यायला लावले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं.

“मोर पाहिजेत,” त्या म्हणाल्या. “दोन. एकमेकांकडं बघणारे.”

“ताई, मधे आरसा आहे. खुर्चीत बाई बसली की दोन्ही मोर तिच्या डोक्याकडेच बघणार.”

“बघू देत की. घरी कोण बघतंय तिच्याकडं?”

मी कागदावर पैंजणाची किनार काढून दाखवली. खालून वर चढत जाणाऱ्या कोयऱ्या, कडेला घुंगरांची ओळ. त्यांनी मान तिरकी करून बघितली.

“हे छान आहे. आता मोर कुठं घालणार?”

शेवटी वरच्या दोन कोपऱ्यांत दोन लहान मोर बसवायचे ठरले, एकमेकांकडे पाठ केलेले.

“भांडलेत का हे?” शैलाताईंनी विचारलं.

“लग्नानंतरचे आहेत,” मी म्हटलं. त्या हसल्या आणि काम मला मिळालं.

काच मोठी होती. ती घरी येण्याआधी काचवाल्याच्या दुकानातच मी तिच्यावर दोन्हीकडून कागद चिकटवून घेतला. तोंडाच्या बाजूला खाकी कागद, चंदनासाठी. पाठीच्या बाजूला वर्तमानपत्र, कारण आरशाच्या पाठीवरचा करडा रंग ओरखडला की पुढून डाग दिसतो. खाकी म्हणजे पुढची बाजू, वर्तमानपत्र म्हणजे मागची. ही खूण मी कुणाला सांगितली नाही. सांगायचं कुणाला? काम मीच करणार होते. काच मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि वरून आत्यांची जुनी वाकळ टाकली. त्यानंतर महिनाभर मी चौकटीवर काम केलं, पण वाकळीला हात लावला नाही.

आत्यांनी मात्र चंदनाला भरवायला नेमकी तीच खोली धरली होती. “तिथं गार वाटतंय,” म्हणायच्या.

एकदा मी दाराला कान लावला. आतून आत्या बोलत होत्या, “कोण आलंय बघ. कोण आलंय गं? तिला पण एक दे. तिनं बघ कसं तोंड उघडलं. उघडलं का न्हाई?” आणि चंदना किंचाळून हसत होती.

“आत कुणी आहे का?” मी संध्याकाळी श्रेणिकला विचारलं.

“कोण असणार?”

“आत्या कुणालातरी घास देत होत्या.”

“चिऊ-काऊला देत असेल.”

“चिऊ-काऊला मी पण देते. माझ्याकडचे का खात नाहीत?”

श्रेणिकनं पेपर उघडून तोंडासमोर धरला. तसा तो शहाणा आहे.

पार्लरचं उद्घाटन रविवारी होतं आणि आत्यांची निपाणीची गाडी सोमवारी. गुरुवारी सकाळी मी सहज म्हटलं, “उद्या काच बसवून टाकते चौकटीत.”

आत्यांच्या हातातली भाकरी तव्यावर जरा वाकडी पडली. “उद्याच? एवढी घाई काय हाय?”

“स्क्रू लावायचे आहेत, पॅकिंग करायचं आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. जेवणं झाल्यावर मला म्हणाल्या, “अनुजा, जरा चौकातनं हिंग घेऊन ये.”

हिंगाची डबी भरलेली होती हे मला माहीत होतं. पण आत्या जायच्या आधी घरात सगळं भरून ठेवत असतील असं वाटलं आणि मी गेले. परत आले तेव्हा चंदना झोपली होती आणि आत्या हात धूत होत्या. बराच वेळ धूत होत्या.

शुक्रवारी श्रेणिकनं आणि मी काच उचलली. खाकी कागदाला थोड्या सुरकुत्या पडल्या होत्या. ओल धरली असेल, असं म्हणून मी सोडून दिलं, कारण माझं निम्मं लक्ष दाराकडे होतं. चंदना रांगत येत नाही ना? चौकट पालथी घातली, काच खाकी बाजूनं खाली ठेवली, वर वर्तमानपत्र, त्यावर प्लायवूड, कडेनं स्क्रू. मोर, कोयऱ्या, घुंगरं सगळं जागच्या जागी. खाकी कागद तसाच ठेवला. उद्घाटनाला सगळ्यांसमोर तो काढायचा, फीत कापायच्या ऐवजी, ही कल्पना शैलाताईंची. मला ती फारच आवडली होती.

त्या दुपारी आत्या चंदनाला आणि वाटीला घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. वाटी भरलेली.

“काय झालं?”

“खाईना.”

“तुमच्या हातून पण?”

“दात येत असतील,” आत्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

मी टॉर्च आणून चंदनाच्या हिरड्या तपासल्या. काही नव्हतं. शनिवारीही तेच. मऊ भात नको, वरण नको, पेज नको. नुसती मला चिकटून दूध मागायची आणि कारखान्याच्या दाराकडे बोट दाखवून रडायची. रात्री मला डोळ्यासमोर नुसता वजनाचा काटा दिसत होता. सोमवारी आत्या जाणार आणि इथे तर आता त्यांचाही हात चालेना. मी श्रेणिकला म्हटलं, “आत्यांना थांबवू या का?”

“आणि सुकन्याला काय सांगू? बाळाला जरा थांब म्हणून?”

रविवारी आत्या स्वतःहून म्हणाल्या, “मी पण येती उद्घाटनाला.” कधी कुठल्या दुकानाच्या उद्घाटनाला न जाणारी बाई इरकल नेसून, पेजेचा डबा घेऊन टेम्पोत पुढे बसली. वाटेत दोनदा विचारलं, “त्यो कागद कोण काढणार?”

“महिला मंडळाच्या अध्यक्षा.”

“मी काढती की. त्यांना कशाला तरास?”

“आत्या, ती प्रमुख पाहुणी आहे.”

आत्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, लेकीची काळजी.

पार्लर माणसांनी भरलं होतं. आरसा भिंतीवर चढला, मोर चमकले, कडेची घुंगरं पंख्याच्या वाऱ्यानं किणकिणत होती. बायका जवळ येऊन किनारीवरून बोट फिरवत होत्या. “हे खरे पैंजण आहेत काय हो?” मी मान डोलवत होते, पण डोळे चंदनाकडे. ती आत्यांच्या कडेवर, सुकलेल्या तोंडानं.

“अनुजा, तिला घेऊन बाहेर थांब हवं तर,” श्रेणिक कानाशी म्हणाला. “आता आरसा उघडणार.”

“तिचं तोंड फिरवायला सांग आत्यांना.”

अध्यक्षाबाई पुढे आल्या. आरशात पहिलं तोंड आपलं दिसणार म्हणून त्यांनी आधीच केस नीट केले. शैलाताईंनी कडेनं ब्लेड फिरवलं, अध्यक्षाबाईंनी कोपरा धरला आणि खाकी कागद सर्रकन खाली ओढला.

आत आरसा नव्हता. करडा, मंद, सपाट पत्रा असावा तसा काहीतरी रंग होता. खोलीत नुसती घुंगरं वाजत राहिली.

अध्यक्षाबाईंनी मान इकडे केली, तिकडे केली. मग टाळ्या वाजवल्या. “छान आहे हो. नवीन फॅशन का?”

“अनुजा,” शैलाताई हळूच म्हणाल्या, “ह्यात मी दिसेना.”

“ताई…”

“मीच नाही गं. कुणीच दिसेना.”

खाकी म्हणजे पुढची बाजू. मी माझ्या हातानं चिकटवलेला कागद. काच आपली आपण कशी फिरेल? आणि अख्ख्या खोलीत माझ्याइतकं चकित झालेलं आणखी एकच माणूस होतं. आत्या तोंडाला पदर लावून त्या करड्या रंगाकडे बघत होत्या.

“आणि आरसा कुठं गेला?” त्या म्हणाल्या.

श्रेणिकनं कुणाला काही विचारलं नाही. शैलाताईंना म्हणाला, “ताई, पाहुण्यांना आधी खाणं द्या, आम्ही पाच मिनिटांत सरळ करतो.” पाहुणे पॅटिसकडे गेले, पण पूर्ण गेले नाहीत, बशा घेऊन दारात उभे राहिले. आम्ही आरसा उतरवून गादीवर पालथा घातला. स्क्रू काढले, प्लायवूड उचललं. खाली वर्तमानपत्र. ते खळीनं चिकटवलेलं नव्हतं. कडेला तपकिरी, वाळलेले खवले होते.

मी बोटानं खरवडून वास घेतला. नाचणी.

“तुम्ही पेजेनं कागद चिकटवलात?” मी आत्यांकडे न बघताच विचारलं. नाचणीची पेज घरात दुसरं कोण हाताळत होतं?

“खळ कुठं ठेवतीस, ते कुठं सांगतीस तू?”

श्रेणिकनं वर्तमानपत्र ओढून काढलं. खाली आरसा होता. खराखुरा, लख्ख; त्यात छताचा पंखा फिरत होता. आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात, बसलेलं मूल पोचेल तेवढ्या उंचीवर, वाळलेल्या पेजेचे हात. एवढे एवढे तळवे, एकावर एक. मध्ये नाक दाबल्याचा गोल. त्याखाली उघड्या तोंडाचे ठसे, आणि चमचा ओढल्याच्या रेघा. पदरानं पुसायचा प्रयत्न कुणीतरी केला होता, पण घाईत.

“एवढे हात कुणाचे गं?” शैलाताई वाकून म्हणाल्या.

उत्तर चंदनानंच दिलं. आत्यांच्या कडेवरून तिनं खाली बघितलं, आरशातल्या पोरीला ओळखलं आणि दोन दिवस कडी लावलेलं तोंड पिल्लासारखं सताड उघडलं. मग आत्यांच्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

मी आत्यांकडे बघितलं. आत्या पंख्याकडे.

“रोज?” मी विचारलं.

“रोज कुठं. खाताना तेवढं.”

“आणि कागद?”

“दोन्ही बाजूला कागद. मला काय ठाऊक कुठल्या अंगाला आरसा हाय? आधी पेपर काढला, तिकडं नुसता रंग. मग खाकी काढला. परत लावताना कुठला कुठं, ते काय ध्यानात राहतंय व्हय? तू उद्या काच बसवणार म्हणालीस, माझे हातपायच गळाले.”

“म्हणून हिंग.”

“मग काय करू?”

दारातल्या बशा जवळ सरकल्या होत्या. श्रेणिक खाली मान घालून स्क्रू मोजत असल्यासारखं करत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

“आत्या,” मी म्हटलं, “दात येईपर्यंत आरसा दाखवायचा नाही, हे मला कुणी सांगितलं?”

“मी.”

“मग?”

“माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. सांगायचं असतंय तसं.” त्यांनी चंदनाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “ह्या श्रेणिकला मी ट्रंकेच्या झाकणावरल्या आरशात दाखवूनच भरवलाय. तू एवढं मनावर घेशील असं कुठं वाटलं? तू तर चमचे पण बदललीस. मग मला बोलायला तोंडच राहिलं न्हाई.”

शैलाताई ओला फडका घेऊन आल्या. “सरका. पार्लरचं पहिलं क्लीनअप मी करते.” त्यांनी ते हात एकेक करून पुसले. शेवटचा तळवा पुसताना जरा थांबल्या, मग तोही पुसला. श्रेणिकनं काच फिरवली, स्क्रू लावले, आरसा परत भिंतीवर चढला. अध्यक्षाबाईंनी दुसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या आणि या वेळी स्वतःकडे बघून समाधानानं मान डोलावली.

मी मात्र अजून मध्येच उभी होते. मला आत्यांची युक्ती कळली होती. आता ती माझ्या हातून चालेल का, एवढंच कळायचं होतं. सोमवार उद्यावर आला होता.

“बस तिथं,” आत्या म्हणाल्या आणि नवरीच्या फिरत्या खुर्चीकडे बोट दाखवलं. चंदनाला माझ्या मांडीवर ठेवलं, डबा उघडून हातात दिला. “भरव.”

समोर आरसा. कितीतरी महिन्यांनी मी स्वतःला धड बघत होते. केस तेलकट, टिकली खरंच भुवईवर. तरी बाई ठीक होती, ओळखू येत होती. मांडीवरच्या पोरीनं आरशातल्या पोरीला हात केला.

मी चमचा भरला. आरशातल्या बाईनंही भरला. आणि चमचा वर आणल्याबरोबर तिच्या भुवया एकत्र आल्या, कपाळावर आठ्यांची चळत पडली, डोळे बारीक झाले, जबडा पुढे आला. परीक्षेच्या हॉलमध्ये मागच्या बाकावरून कागद सरकताना दिसला की मॅडम असं तोंड करतात, म्हणून माझे विद्यार्थी माझी नक्कल करायचे. त्या तोंडातून गोड आवाज आला, “आऽ कर, सोन्या.”

चंदनानं आरशातून माझ्याकडे बघितलं. तिच्या भुवया एकत्र आल्या. डोळे बारीक झाले. जबडा पुढे आला. ओठ घट्ट मिटले. लेक आईसारखी दिसते, असं सगळे म्हणायचे, ते मला त्या दिवशी पटलं.

मागे उभ्या असलेल्या आत्या आरशात दिसत होत्या. “असलं तोंड करून कुणी मला जिलेबी दिली, तरी मी न्हाई खायची,” त्या म्हणाल्या.

“हे मला आधी सांगायचं ना.”

“तोंड कसं हाय ते सांगून कळतंय व्हय? त्याला आरसा लागतोय. आणि आरसा तर मीच बंद करून बसलेली.”

मी परत आरशात बघितलं. एक मोठी मॅडम आणि एक छोटी मॅडम, दोघीही मला कॉपी करताना पकडल्यासारख्या बघत होत्या. मला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. खुर्ची हलायला लागली. चंदना आरशातल्या माझ्याकडे बघत राहिली, तिचा जबडा सैल झाला आणि ती तोंड पसरून हसली. बिनदाताचं, गुलाबी, आतपर्यंत दिसणारं तोंड. चमचा आपोआप आत गेला.

तिनं गिळलं. मग आरशातल्या बाईकडे हात करून “दे” अशी बोटं हलवली.

“तिला पण पायजे म्हणती,” आत्या म्हणाल्या.

“कुणाला?”

“त्या आरशातल्या अनुजाला. दे की. ती पण सकाळपासनं उपाशी हाय.”

मी एक घास चंदनाला दिला, एक स्वतः घेतला. मागून शैलाताई म्हणाल्या, “डबा संपला की खुर्ची सोडा, माझी नवरी येऊन बसलीय.”

सोमवारी आत्या निपाणीला गेल्या. जाण्याआधी त्यांनी कपाटावरची चादर काढली, घडी घातली आणि सोबत नेली. म्हणाल्या, तिकडं लागेल, सुकन्याला पण सांगायला पाहिजे. रात्री त्यांचा फोन आला.

“जेवली का पोरगी?”

“जेवली.”

“आणि तू?”

मी कपाटासमोर जमिनीवर बसले होते, वाटी मांडीवर, फोन खांद्यात धरलेला. समोर बघितलं.

“चौघीही जेवलो,” मी म्हटलं.